कूलरच्या पोटातल्या कोंबड्या

मित्रांनो, आधीच सांगतो, हसायचं नाही. माझ्या पोटात चार कोंबड्या राहतात. रोज संध्याकाळी त्या एकामागून एक आत शिरतात, जागेवरून भांडतात, एकमेकींना टोचतात आणि मग अंग फुगवून झोपी जातात. सकाळी अंडं घातलं की अशी बोंब ठोकतात, की जगातलं पहिलंच अंडं असावं! मी एक जुना लोखंडी कूलर आहे. हो, कूलरच. दिल्लीत उन्हाळा आला की घरोघरी खिडकीला लागायचा ना, तोच चौकोनी, जाडजूड, घर्रघर्र करणारा. कूलरचं खुराडं कसं झालं आणि पुढे काय झालं, ते मला सांगायचं आहे. माझा आवाज जरा मोठा आहे, तेवढं चालवून घ्या.

माझा जन्म पश्चिम दिल्लीतल्या एका पत्रेकामाच्या दुकानात झाला. दुकान कसलं, अर्धा फुटपाथच तो. दोन कारागीर सकाळपासून ठाणठाण हातोड्या चालवायचे. त्यांनी पत्रा वाकवला, तीन बाजूंना जाळीच्या खिडक्या काढल्या, चौथ्या बाजूला पंखा बसवला आणि खाली पाण्याची टाकी केली. पाण्याची नळी आत घालायला एका कोपऱ्यात मुठीएवढं भोक ठेवलं. ते भोक लक्षात ठेवा मित्रांनो, पुढे त्यानेच आमचा घात केला. कारागीर प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच गोष्ट बजावायचा, "बाबूजी, सामने की खिड़की खुली रखना. बंद कमरे में कूलर बेकार है."

ती गोष्ट मी जन्मतःच शिकलो. वारा एका बाजूने आत घ्यायचा, गार करायचा आणि दुसऱ्या बाजूने सोडायचा. वाऱ्याला वाट नसेल तर माझ्यासारखा निरुपयोगी डबा दुसरा नाही.

मला विकत घेतलं दीनानाथरावांनी. ते कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या राज्य अतिथिगृहात खोल्यांचं बुकिंग बघायचे. लहानसं सरकारी क्वार्टर, पत्नी शालिनीबाई आणि पाच वर्षांचा मुलगा सिद्धांत. मी आलो त्या दिवशी शालिनीबाईंनी मला कुंकू लावलं! लोक गाडीला लावतात, त्यांनी कूलरला लावलं. माझ्या तिन्ही जाळ्यांमागे त्यांनी वाळ्याच्या ताट्या बसवल्या. वाळा म्हणजे त्या सुगंधी गवताची मुळं. त्यांच्यावर पाणी पडलं की असा काही वास सुटायचा, की घरात येणारा माणूस दारातच थबकून मोठा श्वास घ्यायचा.

मित्रांनो, काय ते दिवस होते माझे! पुण्याहून पाहुणे यायचे ते नेमके मे महिन्यात, मुलांच्या सुट्टीत. लाल किल्ला बघून, उन्हाने करपून घरी परतले की सगळे माझ्यापुढे सतरंजीवर आडवे. "वा, स्वर्ग आहे हो वहिनी तुमच्याकडे," असं म्हणायचे. ते ऐकून मी आणखी जोरात घर्र करायचो. पण हे पाहुणे दरवर्षी एक चूक हमखास करायचे. मी सुरू झालो रे झालो, की कोणीतरी उठून सगळ्या खिडक्या लावून घ्यायचा. गार हवा बाहेर जाते ना! मग दहा मिनिटांत खोलीत नुसता चिकचिकाट. शालिनीबाई स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "अहो, समोरची खिडकी उघडा आधी! वाऱ्याला जायला वाट नको का?"

माझ्यातही एक खोड होती, लपवत नाही. ओल्या हाताने कोणी शिवलं की मी झटका द्यायचो. सिद्धांतला दोनदा दिला. त्याबद्दल मला आजही वाईट वाटतं.

पुढे हे कुटुंब द्वारकेत तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आलं. मागे छोटंसं अंगण, त्यात कढीपत्त्याचं झाड. दीनानाथराव ब्लू लाइनच्या मेट्रोने ऑफिसला जाऊ लागले. सिद्धांतचं लग्न झालं, मृणाल सून म्हणून आली, स्वानंदीचा जन्म झाला आणि भिंतीवर एसी लागले. गरज सरो, वैद्य मरो! मला अंगणात आणून ठेवलं. शालिनीबाईंनी माझा पंखा आणि मोटर काढून घेतली, पुसली, जुन्या साडीत गुंडाळून माळ्यावर ठेवली. "राहू दे, पुढच्या उन्हाळ्यात वीज गेली तर उपयोगी पडेल," म्हणाल्या. अहो, मोटर वीज नसताना कशी चालणार? पण त्यांना मला टाकवत नव्हतं, एवढंच मला कळलं.

मग किती उन्हाळे गेले. माझ्या टाकीत आधी पावसाचं पाणी साचलं, नंतर रद्दी आणि फुटक्या कुंड्या. आणि तीन वर्षांपूर्वी शालिनीबाई गेल्या.

दीनानाथराव तेव्हा निवृत्त झालेलेच होते. एके काळी येणाऱ्या-जाणाऱ्याला बसवून पानिपतची लढाई सांगणारा हा माणूस, त्याने बोलणंच टाकलं. त्यांच्या खोलीची खिडकी अंगणात उघडते, अगदी माझ्यासमोर. ती त्यांनी लावून घेतली ती लावूनच घेतली. आत एसी, टीव्ही आणि ते. भंगारवाला आला तेव्हा मृणाल म्हणाली, "बाबा, हा कूलर देऊन टाकू या का?" ते दारापर्यंत आले, माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "नको." मी वाचलो, पण त्या "नको"मध्ये जीव नव्हता.

गेल्या दिवाळीनंतर मात्र वेगळंच घडलं. दीनानाथरावांचे ऑफिसातले जुने सहकारी चौधरीजी नजफगडच्या पलीकडे गावात राहतात. त्यांच्याकडे सगळे भेटायला गेले होते. तिथल्या कोंबड्या बघून दहा वर्षांची स्वानंदी हट्टाला पेटली.

"आई, प्लीज! पाचच आणू या."

"बिल्कुल नाही," मृणाल म्हणाली. ती गुरुग्रामच्या एका आयटी कंपनीत आहे, तीन दिवस ऑफिस, दोन दिवस घरून काम. "कोण बघणार त्यांच्याकडे? मी का?"

"मी बघतो," दीनानाथराव म्हणाले.

कित्येक महिन्यांत त्यांनी आपणहून काही म्हटलं नव्हतं. मृणालने त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही बघणार असाल, तर आणू या." हे सगळं मला नंतर कळलं, कारण स्वानंदी ही गोष्ट अंगणात येईल त्याला सांगत असते.

अशा रीतीने मी खुराडं झालो. दीनानाथरावांनी माझी रद्दी काढली, मला घासलं, रंग दिला. टाकीत भुसा पसरला, आत झाडूच्या दांड्याची बैठक केली आणि पंख्याच्या जागी लाकडी दार बसवलं. तिन्ही बाजूंच्या जाळ्यांतून हवा खेळायची. ते नळीचं भोक? थंडीचा वारा येतो म्हणून त्यात गोणपाटाचा बोळा कोंबला. झालं काम!

कोंबड्यांची नावं स्वानंदीने ठेवली, आबांच्या, म्हणजे दीनानाथरावांच्या, मेट्रोच्या रस्त्यावरल्या स्टेशनांवरून. नवादा, उत्तम, झंडेवाली, बाराखंबा आणि सगळ्यांत धाकटी मंडी. "आबा, तुमचं स्टेशन मंडी हाऊस ना? मग ही तुमची." मंडीचा तुरा एका डोळ्यावर पडलेला, त्यामुळे ती मान वाकडी करून जगाकडे बघते. चालताना सारखी दीनानाथरावांच्या पायात यायची.

आणि दीनानाथराव बदलले हो! सकाळी उठून बाजरी भिजवायची, कोबीची पानं चिरायची, अंड्याचं कवच मजबूत व्हावं म्हणून शिंपल्यांचा चुरा घालायचा. कोपऱ्यात राखेची कुंडी ठेवली, कारण कोंबड्या राखेत लोळून अंगातले किडे घालवतात. दिवसभर त्या अंगणात मोकळ्या आणि हे खुर्ची टाकून पहाऱ्यावर. वर घार फिरली की टाळी वाजवायचे. हळूहळू कोंबड्यांना पानिपतची लढाईसुद्धा सांगू लागले. पहिलं अंडं आलं तेव्हा मात्र पंचाईत झाली. शालिनीबाईंच्या स्वयंपाकघरात कधी अंडं शिरलं नव्हतं, आणि ते शिरवायचं सगळ्यांच्याच जिवावर आलं. दीनानाथरावांनी वर पाहिलं. पहिल्या मजल्यावर सलोनी नावाची तरुण मुलगी एकटी राहते, लॅपटॉपवर घरूनच काम करते. कोंबड्यांच्या आवाजावरून तिने नाक मुरडलं होतं.

"बेटा, टोकरी नीचे करो," ते म्हणाले.

सलोनीने दोरीला बांधलेली भाजीची टोपली खाली सोडली. अंडं वर गेलं. त्यानंतर नाक मुरडणं बंद झालं.

मग आली संक्रांत. दरवर्षी संक्रांतीला दिल्लीतली पुष्कळ मराठी माणसं पानिपतला काला अंबला जातात. तिथे लढाईचं स्मारक आहे. तीन वर्षं दीनानाथराव गेले नव्हते. या वर्षी म्हणाले, "जाऊ या. स्वानंदीला दाखवतो." धुक्यात सगळे गाडीत बसले. निघताना त्यांनी माझ्या पोटात दाणे ठेवले, पाणी ठेवलं, दाराला कडी घातली, कडी दोनदा ओढून पाहिली. भोकाकडे कोणी पाहिलं नाही.

मुंगूस दिवसाढवळ्या येतं, मित्रांनो. धुकं विरल्यावर ते भिंतीवरून उतरलं, माझ्याभोवती दोन चकरा मारल्या आणि बोळ्याला तोंड लावलं. मला हात असते तर मी तो बोळा धरून ठेवला असता. एका हिसड्यात बोळा बाहेर आणि मुंगूस आत! पाचही जणींनी जो आकांत मांडला, तो मी जन्मात विसरणार नाही. वर सलोनी धावत बाल्कनीत आली. "भाग! भाग यहाँ से!" म्हणत तिने स्टीलच्या थाळीवर लाटणं बडवलं, पाण्याची बादली ओतली, शेवटी स्वतःची चप्पल फेकली. चप्पल माझ्या डोक्यावर ठण्णकन आदळली आणि मुंगूस पळालं. पण बाराखंबा गेली होती.

संध्याकाळी सगळे तिळगुळाचा डबा घेऊन परतले. सलोनी दारातच उभी होती. दीनानाथरावांनी मला उघडलं आणि डोक्याला हात लावून जमिनीवरच बसले. "संक्रांत कोसळली," ते म्हणाले. "मी तिकडे लढाईच्या गोष्टी सांगत बसलो आणि माझ्या घरचं ठाणं उघडं." स्वानंदी हुंदके देऊन रडली. कढीपत्त्याखाली बाराखंबेला पुरलं.

दोन दिवस गेले. मग मृणाल शांतपणे म्हणाली, "बाबा, मी रागावलेले नाही. पण स्वानंदीला असं रडताना मला पुन्हा बघवणार नाही. आणखी एक जरी गेली, तर बाकीच्या चौधरीजींकडे परत पाठवायच्या. प्रॉमिस करा."

"नाही जाणार एकही," दीनानाथराव म्हणाले. "आता मुंगीसुद्धा आत शिरणार नाही."

आणि त्यांनी मला बंद केलं. भोकावर पत्रा. तिन्ही जाळ्यांवर पत्रे, स्क्रू पिळून घट्ट. दाराला तेवढी वीतभर जाळी ठेवली. कोंबड्यांना अंगणात सोडायचं ते फक्त संध्याकाळी तासभर, तेही स्वतः काठी घेऊन उभं राहून. "हा आपला किल्ला," ते स्वानंदीला म्हणाले. "येऊ दे आता कोणाला यायचं ते." जानेवारीची थंडी होती, म्हणून कोणाला काही जाणवलं नाही. कोंबड्यांना ऊबच मिळाली. पण मी कूलर आहे, मित्रांनो. तिन्ही बाजूंनी माझा श्वास कोंडला होता आणि दिवस उन्हाळ्याकडे चालले होते. मला काय होणार ते कळत होतं आणि सांगायला तोंड नव्हतं. याच्यासारखं दुःख नाही.

मार्चमध्ये अंडी कमी झाली. एप्रिलमध्ये वरून सलोनी म्हणाली, "अंकल, थोड़ी स्मेल आ रही है." दीनानाथरावांना वाटलं, सफाई कमी पडते. त्यांनी भुसा रोज बदलायला सुरुवात केली. वास गेला नाही, कारण जायला वाटच नव्हती. मे लागला. लू, ती उत्तरेतली भाजून काढणारी झळ, वाहू लागली. माझा पत्रा इतका तापायचा की त्यावर हात ठेववत नसे. आत चौघी चोच उघडून, पंख अंगापासून लांब धरून धापा टाकायच्या. दीनानाथराव माझ्या डोक्यावर ओलं गोणपाट टाकायचे, पाण्यात बर्फ घालायचे. सगळं केलं, पण पत्रे काढायचा विचार त्यांच्या मनात येईना. कसा येणार? रोज सकाळी ते मुंगूस भिंतीवर येऊन बसायचं आणि माझ्याकडे टक लावून बघायचं.

एका दुपारी स्वानंदी पाणी बदलायला आली. शाळेला सुट्टी होती. दार उघडलं आणि ती किंचाळली. मंडी भुशात आडवी पडली होती, डोळे मिटलेले, मान टाकलेली.

"आबा! आबा, मंडी!"

दीनानाथराव अनवाणीच धावत आले. मृणाल घरून काम करत होती, कानातले हेडफोन काढत तीही आली. तिने मंडीकडे पाहिलं, मग स्वानंदीकडे आणि तिचे डोळे भरून आले.

"बाबा, पुरे झालं. मी चौधरीजींना फोन करते. उरलेल्या तरी जगू देत."

दीनानाथरावांचा तीन वर्षांपूर्वीचा तो रिकामा चेहरा मला पुन्हा दिसू लागला. मला इतकी भीती मुंगसाचीही वाटली नव्हती.

स्वानंदीने मंडीला उचलायला खांद्यापर्यंत हात माझ्या पोटात घातला आणि झटकन मागे घेतला. "आबा, हे तर बिल्कुल भट्टी आहे यार!" तिने माझ्याकडे वर-खाली पाहिलं. "आबा, हा कूलर होता ना? मग कूलर एवढा गरम कसा?"

बस. एवढंच ती म्हणाली.

दीनानाथराव माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हात लांब केला आणि माझ्या जाळीवरच्या पत्र्यावर तळवा ठेवला. चटका बसला असणार, पण तळवा काढला नाही. "अरे देवा," ते म्हणाले. "पानिपतावर आपल्या फौजेभोवती खंदक होता, बंदोबस्त होता, सगळं होतं. बाहेरून रसद बंद झाली आणि आत माणसं उपाशी मेली. इतकी वर्षं मी ही गोष्ट जगाला सांगतोय! आणि इथे मीच खंदक खणला, मीच रसद तोडली. वारा तोडला गं मी यांचा. शालिनी घसा फोडून सांगायची, खिडकी उघडा, खिडकी उघडा..."

"बाबा, स्क्रूड्रायव्हर कुठंय?" मृणालने विचारलं. फोन तिने खिशात टाकला होता.

मग काय धांदल उडाली! मृणाल आणि दीनानाथराव तापलेले स्क्रू ओल्या फडक्यात धरून पिळत होते. स्वानंदी मंडीला मांडीवर घेऊन, तिचे पाय गार पाण्याच्या पातेल्यात सोडून, चोचीपाशी थेंब थेंब पाणी लावत होती. वरून सलोनीने बाल्कनीतली कुंड्यांची नळी खाली सोडली आणि माझ्यावर धार धरली. पहिला पत्रा खाली पडला. दुसरा पडला. तिसरा काढला आणि माझ्या पोटातून आरपार वारा गेला. गरम होता, लूचाच होता, पण वारा होता! ओल्या जाळीतून गेला आणि थोडा गार झाला. नवादा, उत्तम आणि झंडेवाली तिघींनी माना वर केल्या.

मंडी मात्र हलेना. अर्धा तास गेला. स्वानंदी पुटपुटत होती, "उठ ना, मंडी, उठ ना." शेवटी मंडीने एक डोळा उघडला, तोच, तुरा पडलेला. मग पातेल्यातलं पाणी चोचीने उडवलं, थेट मृणालच्या कुर्त्यावर. मृणाल रडता रडता हसली.

"फोन?" स्वानंदीने घाबरत विचारलं.

"कसला फोन?" मृणाल म्हणाली.

त्या संध्याकाळी सिद्धांत ऑफिसातून आला तो सरळ माळ्यावर चढला. साडीत गुंडाळलेली मोटर आणि पंखा खाली आला. शालिनीबाईंनी मारलेली गाठ दीनानाथरावांनी स्वतः सोडवली, बराच वेळ लागला. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनने मला तपासलं आणि पक्कं अर्थिंग करून दिलं, म्हणजे माझी झटका देण्याची खोड कायमची गेली. जाळ्या नव्या लावल्या, जाड तारेच्या आणि बारीक घरांच्या. तोवर दीनानाथरावांना कळून चुकलं होतं, की पातळ जाळी कोंबडीला अडवते, मुंगसाला नाही. भोकालाही तीच जाळी. बाहेरून नव्या वाळ्याच्या ताट्या आल्या. पंखा पुढे, दोन जाळ्यांच्या मधोमध, कोणाची चोच लागणार नाही असा. दार बाजूला हलवलं. माझा पाण्याचा पंप जळलेला निघाला, पण त्यावाचून काही अडलं नाही. तासातासाला कोणीतरी तांब्याने ताट्यांवर पाणी मारतं, आणि सगळे विसरले तर वरून सलोनीची नळी आहेच.

बटण दाबलं. इतक्या वर्षांनी घर्रर्र केलं मी! कोंबड्या दचकून कोपऱ्यात गेल्या. मग मंडी, मान वाकडी करून, पुढे आली आणि ओल्या ताटीपाशी जाऊन बसली. तिच्यामागून बाकीच्या तिघी आल्या. चोची मिटल्या, पंख अंगाला लागले. माझ्या पोटात गारवा पसरला आणि समोरून वारा बाहेर पडू लागला.

तो वारा समोरच्या बंद खिडकीवर जाऊन धडकत होता. दीनानाथराव अंगणात उभे होते. वाळ्याचा वास त्यांच्या नाकात गेला असावा, कारण ते दारातल्या पाहुण्यासारखे थबकले आणि मोठा श्वास घेतला.

"स्वानंदी," ते म्हणाले, "माझ्या खोलीची खिडकी उघड गं. समोरची."

"पण आबा, एसी चालू आहे ना आत?"

"बंद कर तो. वाऱ्याला जायला वाट नको का?"

कडी गंजली होती. स्वानंदीला ओढवेना, म्हणून मृणालने जोर लावला. खिडकी उघडली आणि माझा वारा आत गेला, वाळ्याच्या वासाचा, थोडा कोंबड्यांच्याही वासाचा. दीनानाथराव आत जाऊन पलंगावर टेकले आणि बोलता बोलता झोपले. घोरायलासुद्धा लागले. मी मुद्दाम आवाज कमी करायचा प्रयत्न केला, जमला नाही.

मुंगूस अजून येतं. भिंतीवर बसतं, बारीक जाळीकडे बघतं आणि निघून जातं. त्याचाही नाइलाज आहे, त्यालाही पोट आहे. आम्ही त्याला दोष देत नाही, फक्त जाळ्या रोज तपासतो. सकाळी कोंबड्या मोकळ्या असतात, तेव्हा दीनानाथराव खुर्चीवर, सलोनी बाल्कनीत आणि स्वानंदी गेटपाशी, असा तिहेरी पहारा असतो.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. ज्यांच्यावर तुमचा जीव आहे, त्यांना जपा. कडी घाला, भोकं बुजवा, घारीवर नजर ठेवा. पण जपता जपता त्यांचा वारा तोडू नका. आणि तुमच्या घरातलं कोणी खिडकी लावून एकटंच बसलं असेल, तर त्याला उपदेश करू नका. पाचेक कोंबड्या आणून द्या, किंवा त्याला सांभाळता येईल असं काहीही द्या. खिडकी तो आपली आपण उघडतो. कडी गंजली असेल तर तेवढा हात लावा.

अजून पुष्कळ सांगायचं होतं. पण मंडीने आत्ताच अंडं घातलंय आणि तिच्या बोंबेपुढे माझं कोण ऐकणार? वरून टोपलीही खाली यायला लागली आहे.